तुरटी फिरवलेलं पाणी

माझ्या नावावर जे काही शोधनिबंध छापून आलेत ते सगळे उंदरांचे आहेत. माणसाचा एकही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी म्हातारपणातल्या विसरण्याच्या औषधावर काम करते म्हटलं की समोरचा माणूस लगेच आपल्या आजीचं वय सांगतो आणि गोळीचं नाव विचारतो. अहो, गोळी सापडली असती तर मी लातूरच्या एका फार्मसी कॉलेजात पत्र्याच्या शेडखाली उंदरांच्या शेपट्या धरून बसले असते का?

आमच्या धंद्यात माणसाची किंमत यादीवरून होते. कुठंही अर्ज करा, शेवटी मागणी एकच, प्रकाशनांची यादी जोडा. माझ्या यादीत त्या वेळी किरकोळ माल होता. एका निबंधात माझं नाव इतकं मागं होतं की वाचणारा तिथवर पोचेपर्यंत दमावा. एक आमच्याच कॉलेजच्या अंकातला. तो मी, माझे सर आणि छापणाऱ्यानं वाचला असेल, त्यातही छापणाऱ्याबद्दल मला शंका आहे. पीएचडी पुरी व्हायची तर एखाद्या नावाजलेल्या नियतकालिकात, पहिलं नाव माझं असलेला एक तरी निबंध यायला पाहिजे होता. विद्यापीठाला तो नियमासाठी हवा होता. मला मात्र तो आत्यांसाठी हवा होता.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे. मी नांदेडची, मूळ गाव भोकरकडचं. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा एम.फार्म. अर्धं झालं होतं, आणि लेकरू झाल्यावर ते तसंच गुंडाळून ठेवायच्या बेतात होते. आत्या स्वतः चौथी शिकलेल्या. त्यांनी एके दिवशी लेकीला माझ्या हातातून काढून आपल्या खाकोटीला मारलं आणि म्हणाल्या, "मी हाय की. तू जा." एवढंच. ना भाषण, ना उपकाराची भाषा. पुढं पीएचडीला नोंदणी झाली त्या दिवशी पेढा चघळत त्यांनी विचारलं की कशावर करून राहिलीस. मी सांगितलं, म्हातारी माणसं विसरतात त्यावर. त्यांनी पेढा गिळला, जरा विचार केला आणि बजावलं की छापून आलं की आधी मला दाखवायचं, माझ्या लेकालाबी नंतर. इंग्रजी येत नाही तर काय झालं, नाव कुठं लिहिलंय तेवढं बोट ठेवून दाखव म्हणाल्या. मी हो म्हटलं. तेव्हा त्यांचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख होतं, त्यामुळं हो म्हणायला काही वाटलं नाही.

त्या विसरायला लागल्या हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि दैवाची चेष्टा म्हणा, माझ्याही नाही. पहिल्यांदा त्या गंजगोलाईत बांगड्या भरायला गेल्या आणि वाट चुकल्या. त्या गोल बाजाराला इतके रस्ते फुटतात की चांगला धडधाकट माणूस कापडाच्या दुकानाला निघतो आणि भांड्यांच्या गल्लीत उगवतो. सगळे हसले, त्याही हसल्या. मग भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग वारून कैक वर्षं झालेल्या भावाला फोन लावून दे म्हणून त्या रुसून बसल्या, तेव्हा कुठं आमचे डोळे उघडले. डॉक्टरांनी तपासून जे नाव सांगितलं ते मी रोज कॉलेजात पोरांना शिकवताना फळ्यावर लिहीत होते. फळ्यावर ते साधं वाटतं. आपल्याच स्वयंपाकघरात येऊन बसलं की तोंडचं पाणी पळतं.

डॉक्टर भला माणूस होता, त्यानं खोटी आशा लावली नाही. म्हणाला, नवीन आधी जाईल आणि जुनं मागून, तोवर जे आहे ते सांभाळा. घरी येताना रिक्षात मी मनाशी पक्कं केलं. आत्या मला ओळखतायत तोवर निबंध छापून आला पाहिजे. त्यांच्या हातात ठेवून, बोट धरून माझं नाव दाखवलं पाहिजे. बाकी पदवी, बढती हे सगळं लोकांना सांगायला.

आता उंदरांचं सांगते. माहूरच्या डोंगरात एक वेल होतो, त्याच्या बियांतून आम्ही एक घटक वेगळा काढला होता. वेलाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की उद्या कुणीतरी त्याचं तेल काढून आजीला पाजणार, हे मला आपल्या लोकांवरून पक्कं ठाऊक आहे. तर या घटकानं विसरणं कमी होतं का, हे बघायची पद्धत अशी. एक मोठा गोल हौद पाण्यानं भरायचा. त्यात पाण्याच्या पातळीच्या जरासा खाली एक चौरंग बुडवून ठेवायचा. पाण्यात पांढरा रंग कालवायचा, म्हणजे चौरंग दिसत नाही. उंदराला पोहता येतं पण आवडत नाही. तो धडपडत फिरतो आणि केव्हातरी चौरंग पायाला लागला की वर चढून बसतो. रोज सोडलं की भिंतीवरच्या खुणा बघून त्याच्या ध्यानात जागा राहते, आणि तो सरळ तिकडं जातो. विसरण्याचं इंजेक्शन दिलेला उंदीर मात्र बिचारा गोल गोल फिरत राहतो. आमचं औषध दिल्यावर तो जर लवकर पोचला, तर औषधात काहीतरी दम आहे.

पद्धत झकास आहे. फक्त ती लातूरसाठी काढलेली नाही. रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आहे हे. त्याला काही वर्षं झाली, तलाव पुन्हा भरला, पण नळ आठवड्यातून एकदा तोंड दाखवतो आणि उन्हाळ्यात तेही नाही. अशा गावात मी उंदरांसाठी हौद भरत होते. शेजारच्या गल्लीतल्या बायका मला पाण्यात बघायच्या, आणि मी काही बोलूही शकत नव्हते, कारण त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. आधी आम्ही पाणी पांढरं करायला दुधाची भुकटी वापरत होतो. टँकरवाल्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "म्याडम, हिकडं लेकरांला दूध न्हाई अन् तुमचा उंदीर दुधात आंघोळ करून राहिला." त्या दिवसापासून भुकटी बंद केली आणि चित्रकलेचा पांढरा रंग आणला.

पाणी रोज बदलायचा प्रश्नच नव्हता. कोण बदलणार? इथं तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला जातं, आंघोळीचं संडासात जातं, आणि पाहुण्यानं अर्धा पेला टाकला तर घरातलं लहान पोरही त्याच्याकडं डोळे वटारून बघतं. त्यामुळं हौदाचं पाणी टिकवायला घरी जे जे करतो ते सगळं मी केलं. फडक्यानं लेंड्या गाळल्या, संध्याकाळी तुरटी फिरवली, वरून ताडपत्री झाकली, सकाळी काठीनं ढवळून पुन्हा पांढरं केलं. महिना तसाच काढला. मला त्याचा अभिमान होता हो! सरांची शिस्तही कडक होती. रकाने ज्या क्रमानं आखलेत त्याच क्रमानं उंदीर सोडायचे. आधी चांगले, मग विसराळू, आणि शेवटी विसराळू पण औषध दिलेले. शेवटच्यांची पाळी येईस्तोवर आमची दुपारची जेवणं उरकलेली असायची.

आणि काय सांगू, औषधवाले उंदीर सुसाट! हौदात सोडला की जरा इकडं तिकडं करायचा आणि थेट चौरंगावर. आलेख काढला तर विसराळूंची रेघ एकीकडं आणि औषधवाल्यांची दुसरीकडं, मध्ये बैलगाडी जाईल एवढी फट. सरांनी कधी नव्हे ते कॅन्टीनमधून भजी मागवली. मी घरी जाऊन आत्यांना सांगितलं की उंदरांना आठवलं. त्या म्हणाल्या, उंदरांला कधी विसरतंय, धान्याची कोठी कुठं हाय ते माझ्यापेक्षा त्यांला जास्त ठाव. त्या काळात त्यांचा एक दिवस चांगला जायचा, एक वाईट. तो चांगला होता.

निबंध पाठवला. बरेच महिने गेले आणि दोन परीक्षकांचे शेरे आले. पहिल्यानं इंग्रजी सुधारा म्हटलं आणि स्वतःच्याच चार निबंधांचा दाखला द्यायला सांगितला. ते चालतंच. दुसऱ्यानं मात्र विचारलं होतं की हौदाचं पाणी किती वेळानं बदललं, ते पांढरं कशानं आणि कसं ठेवलं, आणि गटांचा क्रम काय होता.

माझं डोकं असं फिरलं म्हणता! ज्याच्या नळाला चोवीस तास पाणी, त्यानं लातूरच्या बाईला विचारावं की पाणी केव्हा बदललं? ये म्हणावं इथं एप्रिलमध्ये, दोन घागरी घेऊन रांगेत उभा राहा, मग विचार. मी सरांपुढं बराच वेळ तोंडाचा पट्टा सोडला. सर शांतपणे म्हणाले की "पाणी नियमित बदललं" असं लिहून टाक. नियमित म्हणजे काय, तर महिन्याला एकदा हेही नियमितच. क्रमाचं काहीतरी मोघम लिहू. मला ते पटलं. खरंच पटलं, कारण त्याच आठवड्यात सकाळी चहा देताना आत्यांनी मला अदबीनं विचारलं होतं, "तुमचं गाव कोणतं म्हणायचं?" तुमचं. लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी बशी तशीच हातात धरून उभी राहिले. दुपारपर्यंत त्यांना मी पुन्हा आठवले आणि त्या नेहमीसारख्या डाफरल्या, पण ते "तुमचं" माझ्या कानातून गेलं नाही. उत्तर लिहून तयार होतं. सोमवारी पाठवायचं होतं.

रविवारी नळ आला. आत्यांचं एक होतं, बाकी सगळं विसरल्या तरी नळात वारा घुमायला लागला की त्यांच्या अंगात यायचं. पदर खोचला, टिपाडं सरकवली, मला हुकूम सोडायला लागल्या. त्या दिवशी पाणी गढूळ आलं, नुसती माती. त्यांनी टिपाड भरून घेतलं, कोनाड्यातून तुरटीचा खडा काढला आणि कोपरापर्यंत हात बुडवून फिरवत राहिल्या. मी बाजूला कपडे धूत होते. जेवणं झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. टिपाडाच्या तळाला त्यांनी एक जुना तांब्याचा पैसा टाकून ठेवलेला असतो, त्यांच्या सासूपासूनची ती पद्धत. पैसा दिसला की पाणी प्यायचं, नाही दिसला तर थांबायचं.

"दिसला का पैसा?" त्यांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. सकाळी जिथं चहाच्या रंगाचं पाणी होतं तिथं तळाला पैसा स्वच्छ दिसत होता. आणि मला त्या जागी पैसा नाही, चौरंग दिसला.

मी तशीच उठले. बादलीत पाणी घेतलं, लेकीच्या दप्तरातला पांढरा रंग त्यात पिळला, तळाला एक वाटी पालथी घातली. तुरटी फिरवली, काठीनं ढवळलं आणि समोर पाट टाकून बसले. आधी वाटीचा पत्ता नव्हता. मग रंगाच्या गुठळ्या व्हायला लागल्या, हळूहळू खाली बसायला लागल्या. लेक खेळून घरी आली तोवर पाणी वरून निवळलं होतं आणि वाटी माझ्याकडं बघत होती. औषधवाले उंदीर दुपारी पोहायचे. पांढऱ्या उंदराची नजर अधू असते, पण जवळ आल्यावर त्याला दिसतं. दिसलं असणार. नवरा विचारायला आला की बादलीत काय आहे. मी म्हटलं, माझा निबंध बुडालाय, बघून घ्या.

सोमवारी उत्तर पाठवायच्या ऐवजी मी सरांना सगळं सांगितलं. ते आधी चिडले. हौदात तुरटी फिरवायला कुणी सांगितलं होतं म्हणाले. मी म्हटलं, सांगायला कशाला पाहिजे सर, पाणी साठवलं की फिरवतोच ना आपण. सर औशाकडचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि खिडकीकडं बघत म्हणाले की तू घरी गेल्यावर एक-दोनदा मीपण फिरवली होती. मग आम्ही दोघं इतके हसलो की बाजूच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. डबल तुरटी! उंदरांना आरसाच दाखवला आम्ही.

हसून झाल्यावर सर गंभीर झाले. परीक्षकानं तुरटीचं विचारलेलं नाही म्हणाले. पुन्हा सगळं करायचं तर उन्हाळा तोंडावर, पाणी नाही, तुझी मुदत संपत आलीय, आणि घरचं मला ठाऊक आहे. त्यांनी दबाव आणला नाही, फक्त सगळं टेबलावर मांडलं. माझ्या डोळ्यांपुढं ती सकाळची चहाची बशी होती. एक ओळ लिहिली असती तर निबंध दोन महिन्यांत छापला गेला असता, आणि तेव्हा आत्यांनी मला ओळखलं असतं. मला रडू आलं, रागही आला, कुणाचा ते कळेना.

"सर," मी म्हटलं, "माझ्या घरात एक बसलीय. उद्या हा कागद वाचून कुणी तिला हेच औषध द्यायला आलं तर मी काय सांगू? उंदराला चौरंग दिसत होता म्हणून?"

सरांनी फोन उचलला आणि नांदेडच्या एका कॉलेजात त्यांच्याबरोबर शिकलेला एकजण होता त्याला लावला. तिकडं गोदावरी, पाण्याची इतकी मारामार नाही, आणि हौदही होता. नियतकालिकाला कळवलं की प्रयोग पुन्हा करतोय, वेळ द्या. त्यांनी दिला. मी कपड्यांची पिशवी आणि उंदरांची परवानगीपत्रं घेऊन माहेरी जायला निघाले. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी नवऱ्याची गत झाली, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. स्वयंपाकाला एक मावशी लावली आणि आईपाशी स्वतः बसायला लागला.

निघताना आत्यांनी विचारलं, कुठं चाललीस. मी सांगितलं, नांदेडला, उंदीर पोहायला लावायला, मग कागद छापून येईल आणि तुम्हाला दाखवेन. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, उंदरं आधीच लई माजलेत, त्यांला आणि पवायला कशाला लावता. पायात चप्पल घालेस्तोवर त्यांनी पुन्हा विचारलं, कुठं चाललीस. मी पुन्हा सांगितलं, त्या पुन्हा तेवढ्याच हसल्या. मग ते आमचं रोजचंच झालं. संध्याकाळी फोन लावायचा, त्या विचारायच्या कुठं हायस, मी तेच सांगायची, त्या तेच बोलून हसायच्या. आठवड्याच्या शेवटी लोहा, अहमदपूर करत बसनं घरी यायची, उंबऱ्यातच तोच सवाल. मला कंटाळा आला नाही म्हटलं तर खोटं होईल. कधीकधी दमून आलेली असले की वाटायचं, फळ्यावर लिहून टांगावं. पण त्यांचं हसणं दर वेळी नवं कोरं असायचं, आणि त्या हसण्याला मी लालचावले होते.

नांदेडला सगळं नीट केलं. पाणी रोज नवं. ते गटारात सोडताना माझा जीव कासावीस व्हायचा. शेवटी मी कॉलेजच्या माळ्याला गाठून ते बागेतल्या झाडांकडं वळवून घेतलं, तेव्हा कुठं झोप लागायला लागली. कोणता उंदीर कधी सोडायचा हे चिठ्ठ्या उचलून ठरायचं. वेळ मोजणाऱ्या मुलीला कोणत्या उंदराला काय दिलंय हे ठाऊक नसायचं. तुरटी तर मी माहेरच्या घरातूनसुद्धा काढून टाकली. आईला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

आकडे हाती आले त्या दिवशी मी सरांना लातूरहून बोलावून घेतलं, एकटीनं आलेख काढायची हिंमत नव्हती. बैलगाडी जाईल एवढी फट आता उरली नव्हती. दोन्ही रेघा जवळ आल्या होत्या. पण एकमेकींना चिकटल्या नव्हत्या. सरांनी हिशेब करून बघितला, मी केला, मग त्या वेळ मोजणाऱ्या मुलीकडून करून घेतला. तिन्ही वेळा थोडं अंतर राहत होतं. औषध काहीतरी करत होतं. थोडं, पण पाणी नवं असताना, चौरंग दिसत नसताना. सर म्हणाले की एवढ्यावर लोक पुढचं काम करतात. पहिल्या वेळेला भजी खाल्ली होती त्यापेक्षा मला हे फार गोड लागलं. मी त्या दिवशी गोदावरीच्या घाटावर जाऊन नुसती बसले आणि पाण्याकडं बघत आइस्क्रीम खाल्लं.

निबंध नव्यानं लिहिला. पहिल्या प्रयोगाचं सगळं सांगितलं, तुरटीसकट. ज्या गावांत पाणी साठवून वापरतात तिथल्या प्रयोगशाळांनी हे तपासून घ्यावं असंही एक वाक्य घातलं. दुसऱ्या परीक्षकानं, ज्याला मी लातूरच्या रांगेत उभं करणार होते त्यानं, या वाक्याबद्दल खास आभार मानले. मग मीही मनातल्या मनात त्याच्या घागरी परत घेतल्या. पुढं राजस्थानातल्या एका मुलीचा मेल आला. तिनं लिहिलं होतं, मॅडम, आम्हीपण तुरटी टाकतो, आता सगळं पुन्हा करतोय, वाचवलंत. माझ्या यादीतल्या सगळ्या निबंधांत मिळून जे झालं नव्हतं ते त्या तुरटीनं केलं. आता ती मुलगी आणि मी मिळून त्याच घटकावर पुढचं काम करून राहिलो आहोत. पीएचडी झाली, यादीत भर पडत गेली.

पण ते सगळं नंतरचं. निबंध छापून आला तेव्हा मी नांदेडलाच होते, उरलेल्या उंदरांचं काम आवरत. रंगीत छापून घेतला, पिशवीत घातला आणि बस पकडली. अहमदपूरला बस थांबली तेव्हा चहा घ्यायलासुद्धा उतरले नाही. मधल्या दोन आठवड्यांत मला घरी जाता आलं नव्हतं. फोनवर आत्यांचं बोलणं कमी झालं होतं. नवरा म्हणायचा, ठीक आहे, काळजी करू नको. ज्या आवाजात म्हणायचा त्यावरून मला कळत होतं.

दुपारची वेळ होती. आत्या दारातल्या बाजेवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी फाटक उघडलं, त्यांनी मान वर केली, आणि मला बघून पदर सावरून घेतला. अनोळखी माणूस आलं की बाई सावरते तसा. मला तिथंच कळलं. उशीर झाला होता.

"या बाई," त्या म्हणाल्या. "उन्हाच्या आल्यात. कुणाकडं आलात?"

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "तुमच्या सुनेकडं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, सावकाश आत गेल्या आणि तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं. मग समोर बसल्या आणि म्हणाल्या, "ती न्हाई घरी. नांदेडला गेलीय, उंदरांला पवायला लावायला." आणि त्या हसल्या, अगदी तशाच. "कागद छापून येणार हाय तिचा. आला की आधी मला दाखवणार हाय. माझ्या लेकालाबी नंतर."

मी तांब्या हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिले. ओठाला लावायचं भानच राहिलं नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं, पुस्तकंही सांगतात, मी स्वतः वर्गात सांगते की नवीन आधी जातं. त्यांच्या ध्यानातून माझं तोंड गेलं होतं. पण नांदेड राहिलं होतं, उंदीर राहिले होते. हे तर आजार जडल्यानंतरचं, कालपरवाचं! रोज तेच सांगून सांगून मी वैतागले होते, आणि त्या रोज नव्यानं हसून ते आत कुठंतरी साठवत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी हसतही होते. त्या जरा घाबरल्या.

मी पिशवीतून निबंध काढला आणि म्हटलं, तुमच्या सुनेनंच दिलाय, तुम्हाला दाखवायला. त्यांनी हात पदराला पुसले. कागद मांडीवर घेतला, आलेखाच्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मी त्यांचं बोट धरलं आणि नावावर ठेवलं. चौथी शिकलेल्या बाईनं इंग्रजी अक्षरांवरून बोट दोनदा नेलं, मान हलवली, आणि कागदाची नीट घडी घालून तो पोलक्यात खोचला. मी बघायला परत मागितला तर देईनात. सुनेचा हाय म्हणाल्या.

मग मी उठेन असं वाटलं की काय, त्यांनी माझं मनगट धरलं.

"बस की," त्या म्हणाल्या. "पाणी पी. येईलच ती."

मी पाणी प्यायले आणि त्यांच्या शेजारी तांदूळ निवडायला बसले.